चाल आणि गळा

आमच्या माणदेशात निवडणूक डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना कळायची. पावसाचा भरवसा नसे, पण मतं मागायला जीप मात्र नेमानं यायची. टपावर कर्णा बांधलेला, मागं बॅटरी, ड्रायव्हरच्या शेजारी माईक धरून बसलेलं एखादं कॉलेजातलं पोरगं. फुफाटा उडवत जीप वस्तीवर शिरली की पोरं बिल्ल्यांसाठी मागं पळायची. बायका दारात यायच्या. म्हातारी माणसं पारावरनं हलायची नाहीत, त्यांना बसल्या जागी ऐकू यायचं. भाषण कुणी मनावर घेत नसे. ध्यानात राहायचं ते गाणं. त्या वर्षी जी चाल गाजत असेल, तीत उमेदवाराचं नाव आणि निशाणी बसवलेली असायची. मतदान होऊन महिना गेला तरी पोरं गुरांमागं तीच गाणी म्हणत हिंडायची.

गाणं आणि राजकारण यांचं नातं आमच्याकडं जुनं आहे. सत्यशोधकांचे जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. सेवादलाच्या कलापथकातनं निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखी माणसं पुढं आली. ही सगळी मंडळी कुठल्या ना कुठल्या बाजूनं उभी होती आणि ते लपवत नव्हती. झेंडा त्यांनी स्वतःच्या हातानं धरला होता. पोलिसांचा मार खायची वेळ आली तर तो खायचीही त्यांची तयारी होती.

कलगी-तुऱ्याचं तर सगळं गाणंच बाजूचं. कलगीवाला शक्तीचा, तुरेवाला शिवाचा. रात्रभर सवाल-जवाब चालायचे. एका बाजूचा शाहीर दुसऱ्या बाजूच्या फडात उभा राहून गायला असता, तर लोकांनी त्याला तिथंच विचारलं असतं, बाबा, तुझा गुरू कोण? आमच्याकडं गाणाऱ्या माणसाचा गळा म्हणजे त्याचा शब्द. ज्या बाजूला गळा, त्या बाजूला माणूस, असा सरळ हिशेब.

माझे वडील, ज्यांना आम्ही आणि सगळा गाव अण्णा म्हणायचो, ते असे गाणारे होते. शेती कोरडवाहू, साडेचार एकर, त्यात निम्मी खडकाळ. गाणं हा काही धंदा नव्हता. यात्रेत फड, कुणाच्या बारशाला, कुणाच्या दहाव्याला भजन, एखाद्या लग्नात रात्रभर भेदिक. सुपारी मिळायची ती नारळ आणि थोडे पैसे अशी. हातात डफ, मागं तुणतुणं, आणि झील धरायला नाना.

नाना आमचे भावकीतले. नात्यानं चुलते, वयानं अण्णांच्या बरोबरीचे. अण्णांनी ओळ टाकली की नाना तिचं शेपूट असं उचलायचे की दोन माणसं गातात हे कळू नये. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. झीलकऱ्याचं नाव कुणाच्या ध्यानात राहत नाही, पण झील नसली तर गाणं लंगडं होतं, हे अण्णा स्वतः सांगायचे.

१९७२ च्या दुष्काळात मी लहान होतो. तरी काही गोष्टी डोळ्यांपुढं आहेत. आडाच्या तळाला उतरून वाटीनं पाणी भरणारी माणसं. लाल मिलो ज्वारीची भाकरी, जी थापताना फुटायची आणि खाताना घशात अडकायची. शाळेतली सुकडी. आई आणि अण्णा दोघंही खडीच्या कामावर जायचे. आईच्या तळहाताला हातोडीचे घट्टे पडले ते शेवटपर्यंत गेले नाहीत. खडीचा ढीग ब्रासनं मोजायचा, मुकादमानं तो कमीच भरवायचा, आणि मस्टरवर अंगठा उठवून आठवड्याला पगार घ्यायचा, हे त्या पिढीला पाठ होतं. पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, त्याच्या मुळाशी ही माणसं आहेत.

त्या खडीवर अण्णांनी एक गाणं केलं. ध्रुपद साधं होतं:

पानी येईल गं, पानी येईल,
माझं कोरडं रान बाई न्हाईल.

पहिलं कडवं आडाचं होतं. दुसरं खडीवरच्या बाईचं, पाटीत लेकरू निजवून दगड फोडणाऱ्या. तिसरं बैलजोडीचं, जी बाजारात कवडीमोलानं गेली आणि जाताना वळून बघत राहिली. चौथ्या कडव्यात अण्णांनी हिशेब मागितला होता. मस्टरवर अंगठे आमचे, तलावाची माती आमच्या डोक्यावरनं गेली, मग पाट कुणाच्या बांधाला वळला? हे कडवं झालं की अण्णा परत ध्रुपदावर यायचे, पण आवाज बदललेला असायचा. पहिल्यांदा म्हणताना जी आस असायची, ती शेवटी म्हणताना खोचक व्हायची. शब्द तेच. ऐकणाऱ्या बायका पदर तोंडाला लावायच्या. हसायच्या की रडायच्या, ते मला त्या वयात कळायचं नाही.

हे गाणं वीस वर्षं यात्रेजत्रेत चाललं. मग कॅसेटचा जमाना आला. तालुक्याच्या गावी एका दुकानदारानं यात्रेतला फड टेपवर घेतला आणि त्याच्या कॅसेटी काढल्या. अण्णांना एक कॅसेट फुकट मिळाली आणि त्यात ते खूश होते. आमच्याकडं ती वाजवायला टेप नव्हता. नानांच्या मोठ्या जावयाकडं होता, तिथं जाऊन सगळ्यांनी ऐकली. स्वतःचा आवाज पेटीतनं येताना ऐकून अण्णा म्हणाले, "त्या दिवशी पडसं झालं हुतं रं. गळा जरा बसलाय."

नव्वद सालाच्या आसपास एक निवडणूक आली. कुठली, कुणाची, कुठल्या पक्षाची, ते मी लिहीत नाही. माणसं गेली, त्यांची नातवंडं आज माझ्याशी चांगली वागतात. तेव्हा मी कॉलेजात होतो. दुपारी परड्यात कडबा रचत असताना लांबून जीप आली आणि कर्ण्यातनं अण्णांचा आवाज आला.

पानी येईल गं, पानी येईल.

दोनदा ध्रुपद. मग माईकवरचा पोरगा उमेदवाराचं नाव घेऊन म्हणाला, पाणी आणणारा एकच माणूस, अमुक निशाणीवर शिक्का मारा. मग परत ध्रुपद. कडवं एकही नाही. आड, खडी, बैल, मस्टर, सगळं कापलेलं. उरलं होतं ते नुसतं येणारं पाणी.

आई कडब्याची पेंढी हातात धरून तशीच उभी राहिली. अण्णा विहिरीकडनं आले तेव्हा जीप पुढच्या वस्तीवर गेली होती, पण आवाज येत होता. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "फुडं का म्हनत न्हाई त्यो?" आपल्याच आवाजाला ते 'त्यो' म्हणाले.

दोन दिवसांत गावात गोष्ट झाली. पारावर एकानं विचारलं, "अण्णा, कवा गेलासा त्यांच्यात? आमाला कळू तरी द्याचं." दुसरा म्हणाला, "किती घेतलं?" बोअरवर आईला बायका म्हणाल्या, "आता काय बाई, तुमचं सायबासंगं जमलंय." आमच्या गावात दोन गट होते, जसे सगळ्या गावांत असतात. अण्णा कुठल्याच गटात नव्हते. त्यांना दोन्हीकडच्या लग्नांत गावं लागायचं, दोन्हीकडच्या मयताला भजन म्हणावं लागायचं. गाणाऱ्याला सगळ्यांच्या उंबऱ्यातनं आत जाता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम होता. त्या जीपनं तो तीन दिवसांत मोडला. दुसऱ्या गटातल्या एका घरी लग्न होतं, ठरलेली सुपारी होती. त्यांनी निरोप धाडला, या वेळी बँड लावलाय, तुम्ही येऊ नका.

मग अण्णा आणि मी सायकलीवरनं तालुक्याला गेलो. एका गाळ्यात प्रचाराचं ऑफिस होतं. चहाचे कप, पत्रकांचे गठ्ठे, चिकटवायची खळ. तिथल्या मुख्य कार्यकर्त्यानं अण्णांना खुर्ची दिली आणि हात जोडले. म्हणाला, "अण्णा, तुमचं गाणं गावोगाव पोचवलं आम्ही. एवढं नाव पैसे देऊन होत नसतं." आणि एक पाकीट पुढं केलं.

अण्णांनी पाकिटाला हात लावला नाही. म्हणाले, "बंद करा. न्हाईतर समदं वाजवा."

"पूर्ण गाणं लांबतं, अण्णा. जीप थांबत न्हाई तेवढी."

"मग दुसरं घ्या."

कार्यकर्ता हुशार होता. म्हणाला, "अण्णा, राग मानू नका. पण तुम्ही तरी ही चाल कुठनं आणली? तुमच्या आधी कुणीतरी म्हटलीच असंल की. तवा तुम्ही विचारलं हुतं का कुणाला?"

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग बोलले ते मला अजून शब्दशः आठवतं. "चाल माझी न्हवं. ती गुरूची, त्येच्या गुरूची. ती मी घेतली, तुमी बी घ्या, कुनीबी घ्या. पर मी चाल घेतली, कुनाचा गळा घेतला न्हाई. तुमी माझा गळा नेलाय. तालुका म्हनतोय, अण्णानं साक्ष दिली, ह्यो मानूस पानी आनतोय म्हनून. मी कवा दिली साक्ष?"

कार्यकर्ता हसला, साहेबांच्या कानावर घालतो म्हणाला. जीप दुसऱ्या दिवशीही फिरली.

मी अण्णांना ओळखीच्या एका वकिलाकडं नेलं. त्यांनी सांगितलं ते असं, की टेप ज्यानं काढली त्याचा त्या टेपवर हक्क धरतात. गाणं रचणाऱ्याला आपल्या रचनेची मोडतोड थांबवायचा हक्क कायद्यात आहे, पण गाणं कुठं लिहिलेलं, छापलेलं आहे का? आणि दावा लावला तरी पहिली तारीख पडेपर्यंत निवडणूक होऊन जाईल. गाणाऱ्याच्या गळ्याचा म्हणून वेगळा हक्क तेव्हा आपल्या कायद्यात नव्हताच. तो १९९४ च्या दुरुस्तीनं आला. आपल्या गायनाची मोडतोड झाली तर ती अडवायचा हक्क कलाकाराला मिळाला तो २०१२ साली. अण्णांची फिर्याद कायद्याच्या आधी जन्मली होती.

परत आलो तर नाना आमच्या ओट्यावर बसले होते. त्यांचा धाकटा मुलगा कारखान्यात हंगामी होता. कायम व्हायचा कागद वर गेला होता, आणि तो कागद ज्यांच्या हातात होता ते जीप फिरवणाऱ्यांचे पाहुणे. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नाना आडून बोलले नाहीत.

"गप ऱ्हा," ते म्हणाले. "पंधरा दिसांचा परश्न हाय."

"नाना, गळा माझा हाय."

"गळा तुझा. पर झील माझी हाय की त्या टेपात. मला इचारलंस का? माझी हरकत न्हाई. वाजू दे."

अण्णांनी याला उत्तर दिलं नाही. मला वाटतं, उत्तर नव्हतंच. कार्यकर्त्याला गप्प करणारा माणूस नानांपुढं गप्प झाला, कारण नानांचं म्हणणं खोटं नव्हतं. गाणं दोघांचं होतं. एकाला त्यात आपली साक्ष दिसत होती, दुसऱ्याला आपल्या पोराची भाकरी. दोघांनीही खडी फोडलेली होती. आईनं चहा आणला, तो दोघांनी घेतला, आणि नाना उठून गेले.

पुढच्या आठवडी बाजाराला अण्णा एकटेच डफ घेऊन गेले. मी मागं होतो. मारुतीच्या देवळासमोर, जिथं मिरच्यावाल्या बसायच्या, तिथं ते उभे राहिले. फेटा नीट केला आणि म्हणाले, "मंडळी, माझं एक गानं जीपवर फिरतंय. ते निम्मं हाय. उरल्यालं म्या आनलंय." लोक हसले. मग त्यांनी चारी कडवी म्हटली. झील नव्हती. ओळीच्या शेवटी, जिथं नाना उचलायचे, तिथं अण्णा तेवढा वेळ थांबायचे आणि नुसता डफ वाजवायचे. तीस-चाळीस माणसं असतील. एक हवालदार येऊन उभा राहिला. चौथ्या कडव्याला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आता कसं!" हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "झालं का? चला, रस्ता मोकळा करा."

त्यानंतर आमच्या गावात आली की जीप ते गाणं वाजवत नसे. बाकी तालुक्यात वाजवत होती. एवढाच काय तो फरक पडला.

नुकसान मात्र झालं. त्या वर्षी सोसायटीचं पीककर्ज आम्हाला वेळेवर मिळालं नाही. कागद पुढं गेलाय, एवढंच सांगत राहिले. यात्रेचा फड दुसऱ्या गावच्या मंडळीला दिला. नानांचा मुलगा पुढच्या हंगामात कायम झाला. पेढे घेऊन तो पहिला आमच्या घरी आला आणि अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नाना आणि अण्णा पुढंही बोलत राहिले, एकमेकांच्या बांधावर बसून तंबाखू खात राहिले. पण एका फडात परत उभे राहिले नाहीत. अण्णांनी दुसरा झीलकरी केला नाही, आणि नाना दुसऱ्या कुणामागं उभे राहिले नाहीत. मला त्या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात महाग वाटते.

पुढं नोकरीच्या निमित्तानं मी पुण्याला आलो. मुलगी मोठी झाली, तिला इंग्रजी गाण्यांचा नाद. आजोबांची ही गोष्ट तिला ठाऊक होती. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, अमेरिकेत पण अगदी हेच झालंय," आणि तिनं मला ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाचं 'बॉर्न इन द यूएसए' ऐकवलं. मला वाटलं, देशभक्तीचं गाणं असावं. ध्रुपद तसंच दणक्यात आहे. मग तिनं कडवी मराठीत सांगितली. व्हिएतनामच्या लढाईवरनं परत आलेला एक कामगार. भाऊ तिकडंच गेला. परत आल्यावर कारखाना काम देत नाही. त्याच्या देशानं त्याला वाऱ्यावर सोडलंय. जन्म याच देशातला, हे ध्रुपद तो अभिमानानं म्हणतो की चिडून, हे कडवी ऐकल्याशिवाय कळत नाही. मला लगेच अण्णांचं शेवटचं ध्रुपद आठवलं.

१९८४ च्या सप्टेंबरात अध्यक्ष रोनाल्ड रेगन प्रचाराला न्यू जर्सीतल्या हॅमंटन गावी गेले आणि तिथल्या भाषणात त्यांनी या गायकाचं नाव घेतलं. त्याच्या गाण्यांत तरुणांसाठी आशेचा निरोप आहे, असा त्यांचा सूर होता. दोन दिवसांनी पिट्सबर्गच्या कार्यक्रमात स्प्रिंगस्टीननं लोकांना साधारण असं विचारलं, की अध्यक्षांना माझी कुठली रेकॉर्ड आवडली असेल हो? आणि मग मोटारीच्या कारखान्यातनं काढून टाकलेल्या माणसाचं गाणं म्हटलं. म्हणजे उरलेलं घेऊन तोही बाजारात उभा राहिला.

मग मी या विषयावरचं जमेल तसं वाचत गेलो. तिकडं ही भांडणं प्रत्येक निवडणुकीत होतात. सभा जिथं भरते त्या सभागृहाकडं किंवा पक्षाकडं गाणी वाजवायचा परवाना असतो, त्यामुळं गायकाचं मन दुखलं तरी कायदा बऱ्याचदा वाजवणाऱ्याच्या बाजूला राहतो. म्हणून तिथल्या संस्थांनी राजकीय सभांसाठी वेगळा परवाना काढला आणि त्यात गीतकाराला आपलं गाणं वगळून घ्यायची सोय ठेवली. २००८ च्या निवडणुकीत जॅक्सन ब्राउन या गायकाचं गाणं जॉन मकेन यांच्या बाजूच्या जाहिरातीत वापरलं. तो कोर्टात गेला आणि पुढच्या वर्षी समोरच्यांनी माफी मागून तडजोड केली. नील यंग यानं २०२० साली ट्रम्प यांच्या प्रचारावर दावा लावला आणि त्याच वर्षाच्या शेवटी मागंही घेतला.

आपल्याकडंही कोर्टात गोष्टी गेल्या. २०२२ मध्ये भारत जोडो यात्रेच्या चित्रफितीत 'केजीएफ २' या सिनेमाचं संगीत वापरलं म्हणून बेंगळुरूच्या एका संगीत कंपनीनं तक्रार केली होती. पण तिथं बोलत होती ती कंपनी. मालाचा मालक बोलतो ते वेगळं आणि गाणारा बोलतो ते वेगळं. अण्णा त्या कॅसेटचे मालक कधीच नव्हते.

न्यूझीलंडची गोष्ट वाचली तेव्हा मात्र मी अडखळलो. २०१४ च्या निवडणुकीत तिथल्या नॅशनल पक्षानं जाहिरातीला जे संगीत लावलं, ते एमिनेम या अमेरिकी गायकाच्या 'लूज युवरसेल्फ'सारखंच ऐकू येत होतं. गळा त्याचा नव्हता, शब्द नव्हते, नुसती चाल आणि ठेका. पक्षानं ते संगीत एका कंपनीकडनं पैसे देऊन घेतलं होतं. तरी कोर्टानं २०१७ साली ६ लाख न्यूझीलंड डॉलर भरायला सांगितले. वरच्या कोर्टानं ते २ लाख २५ हजारांवर आणले, पण नक्कल ही नक्कलच ठरली. हा न्याय आमच्याकडं लावला तर निवडणुकीची निम्मी गाणी बंद पडतील. चाल सगळ्यांची, असं मानून आमची लोकगाणी पिढ्यानपिढ्या जगली. अण्णांनाही हा निकाल पटला नसता. ते म्हणाले असते, चालीला कसलं कुंपण घालता?

पण गळ्याबद्दल ते जे म्हणाले होते, ते मुंबई उच्च न्यायालयात मला दुसऱ्या शब्दांत सापडलं. २०२४ च्या जुलैमध्ये अरिजित सिंग या गायकाच्या बाजूनं अंतरिम आदेश झाला. संगणकाची कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून त्याच्या आवाजाची नक्कल करून देणारी साधनं निघाली होती. न्यायालयानं म्हटलं की माणसाचा आवाज हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे, त्याच्या संमतीशिवाय तो असा वापरता येणार नाही. ते वाचताना मला प्रचाराचं ते ऑफिस आठवलं आणि पाकिटाला हात न लावता बसलेले अण्णाही. फरक इतकाच की आता गळा न्यायला कॅसेटही लागत नाही. दोन मिनिटांचा आवाज मिळाला की मेलेल्या माणसाकडनंही घोषणा म्हणवून घेता येते. २०२४ च्या जानेवारीत तमिळनाडूत करुणानिधींचा असा कृत्रिम आवाज त्यांच्याच पक्षाच्या व्यासपीठावर बोलला. पक्ष त्यांचाच होता, म्हणून कुणी फारसं बोललं नाही. पण जो कुठल्याच पक्षाचा नव्हता, त्याचं काय?

अण्णा जाऊन आता पंधरा वर्षं झाली. नाना त्यांच्या आधी गेले. ती कॅसेट आईनं ट्रंकेत जपून ठेवली होती, ती माझ्याकडं आहे. निवृत्तीनंतर मी बराचसा गावीच असतो.

मागच्या निवडणुकीत एक तरुण पोरगा घरी आला. नानांचा नातू. शिकलेला, अंगात पांढरा शर्ट, हातात दोन फोन. एका उमेदवाराचं मोबाईलवरचं सगळं काम तो बघतो. पाया पडला आणि म्हणाला, "काका, अण्णांचं ते पाण्याचं गाणं तुमच्याकडं हाय म्हणं. रीलला लावायचंय. तीस सेकंद बास. तुमचं नाव टाकू की खाली."

मी म्हणालो, "विचारायला आलास हे चांगलं केलंस. तुझ्या आधीच्यांनी विचारलं नव्हतं."

मग त्याला ती सगळी हकीकत सांगितली. त्याच्या आज्याचं म्हणणंही सांगितलं, जसं ते म्हणाले होते तसं. त्याच्या बापाच्या नोकरीचंही सांगितलं. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी म्हणालो, "गाण्यात तुझ्या आज्याचाही वाटा आहे, तेव्हा मी एकटा नाही म्हणणारा कोण? पण ऐकून घे. चारी कडवी लावणार असशील तर घेऊन जा."

जुना टेप काढला. पट्टा सैल झालाय, आवाज जरा ओढल्यासारखा येतो. अण्णांचं पडसं त्यातही कळतं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. पोरगा फोन बाजूला ठेवून ऐकत होता. चौथं कडवं आलं तसा तो गालात हसला आणि मान हलवली. "काका, हे साहेबांना चालायचं न्हाई."

"मग झालं तर."

टेप चालूच होता. शेवटचं ध्रुपद आलं. अण्णांनी ओळ सोडली आणि मागनं दुसरा आवाज वर चढला, ती ओळ धरून लांबवर घेऊन गेला. पोरगं एकदम पुढं सरकलं.

"ह्यो कोण?"

"तुझा आजा."

त्यानं मला टेप मागं घ्यायला सांगितला. मी घेतला. पुन्हा एकदा सांगितला, पुन्हा घेतला. चहा निवून गेला तरी तो तेवढाच तुकडा ऐकत बसला होता.